सतरा मिनिटं

सासूबाईंना गाडी लागते. सिन्नर सोडून शिर्डी रोडला लागलो की वावी यायच्या आत एकदा तरी थांबावंच लागतं, आवळासुपारी द्या नाहीतर लिंबू हुंगायला द्या, काही फरक पडत नाही. तर दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत असेच थांबलो होतो, बायको त्यांना पाण्याची बाटली देत होती आणि मी जावई माणूस म्हणून जरा लांब जाऊन दुसरीकडे बघत उभा राहिलो. दुसरीकडे म्हणजे माळ. मुरूम, वाळलेलं गवत, मधेच एखादी खुरटी बाभूळ, ज्याला आपण "तिथे काय आहे बघण्यासारखं" म्हणतो तसला. आणि माझ्यापासून सहा-सात पावलांवर असलेला एक दगड चालायला लागला.

दगडच वाटला होता, खोटं कशाला सांगू. चिमणीपेक्षा बारका, मातीच्या रंगाचा, चोच जरा जाडसर, आणि चालणं असं की पाय दिसतच नाहीत, नुसता सरकतो. मी एक पाऊल पुढे टाकलं तर उडायचं सोडून तो बसला. पाय दुमडून जमिनीला चिकटला आणि माझ्या डोळ्यांदेखत परत दगड झाला. एवढ्यात हातभर अंतरावरून दुसरा एक उठला, त्याचं मात्र पोट काळं कुळकुळीत, डोकं राखाडी, गाल पांढुरके आणि डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी खाली गळ्याच्या काळ्या रंगात मिसळलेली. तो सरळ वर गेला, चाळीस-पन्नास फूट असेल, मग पंख मिटून दगडासारखा खाली पडला आणि पडताना एक लांब शीळ घातली. मला वाटलं गेला हा. तर जमिनीच्या जरा वर पंख उघडून त्याच झोकात पुन्हा वर. पुन्हा खाली. पायऱ्या उतरल्यासारखं चाललेलं. शेवटी एका ढेकळावर येऊन उभा राहिला, जणू काही झालंच नाही.

कॅमेरा डिकीत होता, नारळांच्या पिशवीखाली. "जावईबापू, चला आता, बरं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. गेलो.

तोपर्यंत मी नांदूरमध्यमेश्वरवाला होतो. नाशिकमध्ये कॅमेरा घेतला की माणूस पहिल्यांदा तिथेच जातो, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला बंधारा, खाणगाव थडीचा मनोरा, हिवाळ्यात आलेली बदकं, नशीब असेल तर रोहित पक्षी. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाल्यावर तर गर्दी इतकी वाढली की कधीकधी पक्ष्यांपेक्षा लेन्स जास्त असतात. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, सुट्टी शनिवारी, त्यामुळे रविवारची जत्रा चुकते तेवढंच. पण तिथे बसून बसून एक सवय लागली होती, मोठं बघायची. मोठा पक्षी, मोठा थवा, मोठं उड्डाण. बारक्या तपकिरी पक्ष्यांकडे आमच्यात कोणी बघत नाही, सगळे सारखेच दिसतात, ओळखायला त्रास आणि फोटो टाकला तर लाइक चार, त्यातला एक बायकोचा.

आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, रिटायर्ड बँकवाले, तीसएक वर्षं पक्षी बघतायत आणि कॅमेरा वापरत नाहीत, एक जुनी दुर्बीण आणि एक वही एवढंच. त्यांना फोन करून वर्णन सांगितलं, ते पायऱ्या उतरण्याचं ऐकताच हसले. "डोंबारी," म्हणाले, "चंडोलाच्या कुळातला आहे. कोलांट्या बघितल्या ना तू? नाव देणाऱ्यानेही बघितल्या असणार." पुस्तकात राखी डोक्याचा चंडोल असंही काय काय नाव असतं, पण मला डोंबारीच आवडलं. काळ्या पोटाचा नर आणि दगड झालेली ती मादी. शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स ग्रिसिअस, पाकिस्तान-नेपाळपासून श्रीलंकेपर्यंत सगळीकडे मोकळ्या रानात, नांगरलेल्या शेतात, माळावर असतो, उंच डोंगरात आणि दाट जंगलात नसतो. म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. मी पंधरा वर्षं सिन्नर रोडने जातोय, दर फेरीला तो तिथे असणारच, फक्त सासूबाईंना माझ्यासमोर उलटी व्हायची बाकी होती.

पुढच्या शनिवारी एकटाच गेलो. नेमकी जागा सांगत नाही, का ते पुढे कळेल, पण तो सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला आलं की पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. तिथे झाड मोठं होत नाही, गवत होतं. कुसळी, पवन्या, ओलसर जागी मारवेल. आणि गवताच्या मधे मधे उघडा मुरूम, डोंबाऱ्याला तोच लागतो, त्याला चालायला मोकळी जमीन हवी, दाट गवतात तो शिरत नाही.

पहिले पाच-सहा शनिवार काहीच मिळालं नाही. म्हणजे फोटो मिळाले, पण उभं राहून काढलेले, वरून खाली, मुरमाच्या पार्श्वभूमीवर मुरमाच्या रंगाचा पक्षी, घरी लॅपटॉपवर लावून बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "कुठेय?" मग कळलं की झोपावं लागणार. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला लेन्स गेली की मागचा मुरूम लांब जातो, धूसर होतो आणि पक्षी त्यातून सुटून पुढे येतो. त्यासाठी लेन्सखाली ठेवायला उशी लागते, मी जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवला आणि त्यात ज्वारी भरली. बायकोने तांदूळ दिले नाहीत, बरोबरच केलं, कारण जूनमध्ये त्या ज्वारीला सोंडे लागले.

आणि झोपलं की कुसळं. ज्यांनी कुसळीच्या माळावर पोटावर सरपटून बघितलेलं नाही त्यांना हे सांगून कळणार नाही, मोज्यात, बनियनमध्ये, घड्याळाच्या पट्ट्याखाली, कुठेही. धुवायला मोजे बादलीत टाकले की एक गंमत होते, ओली झालेली कुसळ हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागते. वाळली की उलटी फिरते. असं फिरत फिरतच तिचं टोकदार बी जमिनीत शिरतं, स्क्रूसारखं. माझ्या तिसरीतल्या मुलीने एक कुसळ बशीत पाण्याच्या थेंबात ठेवली आणि दहा मिनिटं हनुवटी टेबलावर टेकवून बघत बसली, मोबाइल न मागता. मोजे मात्र फेकावे लागले.

झोपायला शिकलो तर नवीन भानगड. साडेनऊनंतर काढलेला एकही फोटो शार्प येईना. माझी लेन्स सेकंडहँड, १५०-६०० मिलिमीटरची, मला वाटलं फसलो, समोरच्याने बिघडलेली खपवली. क्वालिटीतला माणूस म्हणजे संशय आधी मशीनवर. घरी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, ट्रायपॉडवर लावून, पन्नास टेस्ट शॉट काढले, जाहिरातीतला बारकातला बारका टाइप स्वच्छ. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे मृगजळातून फोटो काढतोयस तू." तापलेल्या जमिनीवर हवेचे थर कमीजास्त गरम असतात, त्यातून प्रकाश येताना वाकतो, थरथरतो, आणि आपली लांब लेन्स ती वीस-तीस मीटरची सगळी थरथर एका फ्रेममध्ये दाबून बसवते. जितकं खाली झोपाल तितकी ही हवा जास्त. म्हणजे चांगल्या फोटोसाठी खाली झोपायचं आणि खाली झोपलं की फोटो खराब. यातून मार्ग दोनच, सकाळी लवकर जायचं आणि जवळ जायचं. लवकर जाणं मला जमण्यासारखं होतं. जवळ जाण्याचं मला वेड लागलं, सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

पण त्याआधी त्या काळ्या पोटाबद्दल. बहुतेक पक्षी वरून गडद आणि खालून फिके असतात, वर ऊन पडतं, खाली सावली पडते, दोन्ही मिळून पक्षी सपाट दिसतो, पटकन नजरेत येत नाही. डोंबाऱ्याचं उलटं, नर खालून काळा. मला बरेच दिवस हे कळेना की माळावर लपून राहणाऱ्या पक्ष्याने अंगाला काळं का फासावं. मग एकदा पोटावर झोपून आभाळात त्याच्या कोलांट्या बघताना वाटलं, वरून बघणाऱ्या कापशी घारीला त्याची राखाडी-मातकट पाठच दिसते, म्हणजे तिला तो ढेकूळच. काळं पोट दिसतं ते फक्त खालून, पांढऱ्या पडलेल्या आभाळासमोर, आणि खाली कोण बसलंय? ती. हे माझं आपलं झोपल्या झोपल्या सुचलेलं, शास्त्रात काय म्हणतात मला विचारू नका, पण मला ते पटलंय.

मार्चमध्ये एकदा असाच पालथा पडलेलो असताना मागून काठीचा आवाज आला.

"काय मोजून राहिले भाऊ?"

मेंढरंवाले बाबा होते, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मागे शंभरेक मेंढरं. म्हटलं मोजत नाही बाबा, पक्षी बघतोय. त्यांनी लेन्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विश्वास न ठेवता विचारलं, "गट नंबर कोणता धरला?"

त्यांची चूक नाही. त्या तालुक्यात समृद्धी महामार्गाची मोजणी झाली, मग नाशिक-पुणे रेल्वेची मोजणी झाली, तीन पायांवर काहीतरी ठेवून त्यात डोळा घालणारा माणूस माळावर आला की जमीन जाते हे लोकांना पाठ झालंय. मी स्क्रीनवर फोटो दाखवले. डोंबारी बघून ते एकदम सैल झाले. "हे व्हय. हे तर हायेच ना इथं. मेंढरांच्या पायातून उठतं." नाव काय म्हणता विचारलं तर म्हणाले चिमणीच म्हणतो, नावबिव ठाव नाही. पण अंडी कुठे घालतो ते त्यांनी न विचारता सांगितलं, ढेकळाच्या आडोशाला, कधी ढोराच्या खुराचा खड्डा असतो त्यात, चार काड्या आणि केस, बास. "मेंढरू मधेच दचकून बाजूला झालं की समजायचं, तिथं हाये." पुस्तकातही हेच आहे, जमिनीवरची वाटीएवढी खळगी, आत गवत आणि केस, कडेला कधी बारीक खडे, दोन किंवा तीन अंडी, तेरा-चौदा दिवसांत पिल्लं. मेंढराचं मात्र पुस्तकात नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, हे सरकारी का तुमचं काम? म्हटलं हौस. "मग बरंय," म्हणाले. सातबाऱ्यावर असल्या जमिनीच्या पुढे पोटखराबा, म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली, असं लिहिलेलं असतं. सरकारी नकाशात गवताळ माळ बऱ्याचदा पडीक जमीन म्हणूनच मोडतो. पडीक म्हणजे काहीतरी करायची राहिलेली, मग तिथे काहीतरी करतात, एमआयडीसी, प्लॉटिंग, सोलर, नाहीतर झाडं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती, आमच्या कंपनीचा ग्रुपही टीशर्ट घालून दोन बसमधून एका माळावर गेला होता, मी स्वतः अकरा खड्डे भरलेत, फोटो आहेत. ग्लिरिसिडिया नावाचं परदेशी झाड होतं बरंचसं. तेव्हा त्या माळावर काय चालत-बसत होतं ते मी बघितलं नाही, मी खड्डे बघत होतो. तिथे परत गेलेलो नाही, खरं सांगायचं तर मुद्दाम.

तर एप्रिल. गुढीपाडवा होऊन गेला होता. सकाळी सातला पोचलो, ऊन अजून तिरकं, मुरमाचा प्रत्येक खडा सावलीसकट दिसत होता. बॅग एका ठिकाणी टाकली, तिच्यापासून जरा पुढे सरपटत गेलो आणि पडून राहिलो. अर्धा तास काही नाही, माळटिटवी ओरडून गेली, एक तीरचिमणी शेपूट हलवत आली आणि गेली. आणि मग ती आली. नर नाही, ती. पंधरा फुटांवरच्या ढेकळावर उतरली, चोचीत हिरवी अळी.

माझ्याकडे तोपर्यंत मादीचा एकही धड फोटो नव्हता. खरं तर मी तिच्याकडे बघतच नव्हतो, सगळे नराच्याच मागे असतात, काळं-पांढरं, ड्रामा. पण त्या दिवशी प्रकाश असा पडला होता की तिचा तो मातकट रंग मातकट नव्हताच, भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीवर पडतात तसले बदामी डाग, प्रत्येक पिसाला फिकी कड, डोळ्यात सूर्याचा एक ठिपका आणि चोचीत ती पोपटी हिरवी अळी, वेटोळं घालणारी. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला, आवाज बंद, मी नुसता दाबत सुटलो. ती डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, चिक चिक करायची, दोन पावलं चालून पुन्हा ढेकळावर यायची. उडून जात नव्हती. मला वाटलं, झालं, जमलं, इतके शनिवार पडून राहिल्याचं फळ, हिने मला माळाचा भाग समजून घेतलं. वर नर शीळ घालत गिरक्या घेत होता. मला वाटलं माझ्यासाठीच.

पायाला मुंग्या आल्या म्हणून उठलो. बॅग उचलली, आणि चालता चालता स्क्रीनवर फोटो बघत गाडीपर्यंत आलो. मागे वळून बघितलं नाही, बघायला हवं होतं, पण स्क्रीनवरचे फोटो फारच भारी होते.

संध्याकाळी टाकला. ग्रुपवर अक्षरशः पाऊस पडला, "कडक", "काय डोळा पकडलाय सर", "आईशप्पथ लाइट". फेसबुकवर रात्रीपर्यंत सहाशे लाइक, ज्यांनी आयुष्यात चंडोल बघितला नाही अशा लोकांनी शेअर केला. नांदूरला रोहितांच्या फोटोलाही मला एवढं मिळालं नव्हतं. मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला होता.

काकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दहा वाजता वैयक्तिक मेसेज आला.

"फोटो छान. किती वेळ धरून बसली होती चोचीत?"

मी लिहिलं, "पाच-दहा मिनिटं असेल काका."

त्यांनी एक अंगठा पाठवला. बास, वर केलेला अंगठा, पिवळा.

झोप येईना. उठून लॅपटॉप उघडला. डिजिटल कॅमेऱ्याचं एक आहे, तो प्रत्येक फोटोवर सेकंदासकट वेळ लिहितो, कोणी विचारो न विचारो. पहिली फ्रेम ८:०९:४१. शेवटची ८:२६:५०. मधे ४१२ फोटो, सगळे तिचे. सतरा मिनिटं नऊ सेकंद.

मग मी ते चारशे बारा एकापाठोपाठ एक बघितले, फोटो म्हणून नाही, इन्स्पेक्शनला पार्ट बघतो तसे. पहिल्या तीसेक फ्रेममध्ये अळी वळवळतेय. दीडशेच्या पुढे ती लोंबकळतेय. २२० ते २२६ मध्ये तिने अळी ढेकळावर ठेवलीय, इकडेतिकडे बघितलंय आणि परत उचललीय. तीनशेच्या पुढे ऊन चढलंय आणि तिची चोच उघडी आहे, अळी धरूनही जेवढी उघडेल तेवढी, पक्षी उन्हाने धापा टाकतो तशी. आणि जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या फ्रेममध्ये ती एकाच दिशेला बघतेय. माझ्या डावीकडे, जरा मागे. मी डोळे मिटून आठवायला लागलो की तिथे काय होतं. तिथे माझी बॅग होती.

आमच्याकडे प्लान्टमध्ये लाइन थांबली की एक फॉर्म भरावा लागतो. किती वाजता थांबली, किती वाजता चालू झाली, किती मिनिटं गेली, कारण काय. दहा मिनिटांच्या वर गेलं तर मॅनेजर स्वतः येतो. मी शेकडो वेळा तो फॉर्म भरलाय आणि दुसऱ्यांकडून भरून घेतलाय, "कारण" या रकान्यात ऑपरेटर गोलमाल लिहायला लागला की मी त्याला सोडत नाही. इथे चोचीत खाऊ घेऊन आई सतरा मिनिटं दारात उभी, आत एप्रिलच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर कातडीला पिसंही न फुटलेली पिल्लं, ज्यांच्यावर आईबापाला उभं राहून सावली धरावी लागते, आणि ज्याला मी नाच समजत होतो तो बाप वरून बोंब मारत होता. आणि हे सगळं मी शार्प काढलंय, आयएसओ ४००.

चोचीत खाऊ घेतलेला पक्षी खात का नाहीये, उडून जात का नाहीये, हा एवढा साधा प्रश्न सहाशे लोकांपैकी एकाने विचारला, आणि तो कॅमेरा न वापरणारा. मी सकाळी फोटो काढून टाकला. दोघांनी विचारलं का काढला, सांगितलं टेक्निकल प्रॉब्लेम. पूर्ण खोटं नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे पण तुला माहीत नव्हतं." हे ती मला धीर द्यायला म्हणत होती, पण मला तेच लागलं, कारण मला माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं ना, ढेकळाचा आडोसा, खुराचा खड्डा. मेंढरूसुद्धा दचकून बाजूला होतं.

पुढच्या शनिवारी कच्च्या रस्त्यावरून गाडी आत घातली आणि रस्त्यावरच ठेवली, उतरलो नाही. माळावरच्या पक्ष्यांना माणूस दिसला की धसका बसतो, उभ्या गाडीचं त्यांना फारसं काही वाटत नाही, इंजिन बंद करून काच खाली केली की झालं. मागच्या वेळची जागा बाभळीच्या रेषेवरून शोधली, पन्नासेक पावलं लांब असेल. दुर्बीण काकांकडून मागून आणली होती, माझ्याकडे नाहीये, सहाशेची लेन्स आहे पण दुर्बीण नाही, कसं आहे बघा. साडेसात झाले, आठ झाले. कोणी नाही. कावळे बघून गेले, एक खाटीक पक्षी बाभळीवर येऊन बसला, तो बसल्यावर माझ्या पोटात गोळा आला, खाटकाला पिल्लं चालतात. गेला.

आठ वाजून वीस मिनिटांनी ती आली. तीच का, मला शपथेवर सांगता येणार नाही, सगळ्या माद्या मला सारख्याच दिसतात. चोचीत काहीतरी होतं, दुर्बिणीतून नाकतोडा वाटला. उतरली ती घरट्यावर नाही, लांब उतरली, थोडं थांबून मान वर करून बघितलं आणि मग सरकत सरकत, तेच पाय न दिसणारं चालणं, ढेकळाच्या मागे गेली. मी खिशातून फोन काढून स्टॉपवॉच लावलं, सवयच आहे, प्लान्टमध्ये सायकल टाइम असाच घेतो. ती बाहेर आली तेव्हा चोचीत नाकतोडा नव्हता, एक पांढरी बारीक गोळी होती. पिल्लांची शी, पातळ पिशवीत बांधून येते, आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरट्यापाशी वास नको, पांढरा डाग दिसायला नको. ती घेऊन उडाली.

अडतीस सेकंद.

मी पुन्हा लावलं. पुढची फेरी सहा मिनिटांनी, यावेळी नर आला, कोलांट्या नाहीत, शीळ नाही, गुपचूप चालत, काळं पोट जमिनीला लागेल इतका खाली वाकून. एकेचाळीस सेकंद. मग ती, पस्तीस. दहापर्यंत अकरा फेऱ्या मोजल्या, दोघांच्या मिळून. सतरा मिनिटांत अशा किती बसतात तो हिशोब केला आणि मग वहीत लिहिला नाही.

मधे मेंढरं घेऊन बाबा गेले, लांबूनच ओरडले, "काय भाऊ, आज झोपले नाही?" मी हात केला.

एक फोटो काढला, गाडीतूनच. मृगजळ उठलेलं, अंतर एवढं की मादी तिळाएवढी दिसते, तीसुद्धा मी कुठे आहे ते सांगितल्यावर. घरी बायकोला दाखवला, ती नेहमीप्रमाणे "कुठेय?" म्हणाली. काकांना पाठवला. खाली लिहिलं, "पन्नास पावलं. गाडीतून. अडतीस सेकंद."

टायपिंग... टायपिंग... बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग अंगठा आला. काकांच्या फोनमध्ये बहुतेक तो एकच इमोजी आहे.